आघातानंतर श्रद्धेचा आधार: कीर्तनकार, पुजारी, मौलाना, फादर आणि भजनी मंडळांसाठी

गावात दरड कोसळते, कर्त्या माणसाने विष घेतलेलं असतं, एखाद्या मुलीवर अत्याचार होतो, अपघातात एकाच घरातली तीन माणसं जातात. मनोविकारतज्ज्ञ असतो जिल्ह्याच्या ठिकाणी. त्या घराच्या ओट्यावर आधी पोहोचतात ते हरिपाठाला सोबत बसणारे, देवळातले काका, मशिदीतले इमामसाहेब, चर्चमधले फादर किंवा विहारातले उपासक. या माणसांनी चार गोष्टी नीट केल्या तर सावरणं खूप सोपं होतं. चुकीचं बोलली तर जखम चिघळते, कारण ते बोलणं देवाच्या नावाने आलेलं असतं आणि ऐकणाऱ्याला ते खोडून काढता येत नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं बहुतेक वारकरी घरांतली आहेत, पण पायऱ्या सगळ्यांना लागू पडतात.

आधी ओळखायचं काय

आघात बसलेला माणूस 'मला आघात बसलाय' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'झोप उडाली', 'तेच डोळ्यांपुढे येतं', 'छातीत धडधडतं', 'कशातच मन लागत नाही', 'अंग बधिर झाल्यासारखं वाटतं'. दार आपटलं तरी दचकतो, त्या रस्त्याने जायचं टाळतो, लहानशा गोष्टीवरून घरच्यांवर खेकसतो. पहिल्या महिन्यात हे होणं स्वाभाविक आहे आणि बहुतेक लोक आपल्या माणसांत राहून हळूहळू सावरतात. महिना उलटला तरी हे तसंच राहिलं किंवा वाढलं आणि शेतावर, कामावर, शाळेत जाणं बंद पडलं, तर तो आजार असू शकतो. त्याला डॉक्टरांकडे पाठवायचं. हा एक महिन्याचा हिशेब कायम लक्षात ठेवा.

पहिले आठ-दहा दिवस: समुपदेशन नकोच

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये आपत्तीनंतरच्या मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सूत्र तीन शब्दांचं आहे: पाहा, ऐका, जोडा. पाहा म्हणजे कोण जखमी आहे, कोण एकटं पडलंय, कोणाचं तान्हं उपाशी आहे हे बघा. ऐका म्हणजे तो जेवढं सांगेल तेवढंच ऐका. जोडा म्हणजे नातेवाइकांशी, तलाठ्याशी, दवाखान्याशी गाठ घालून द्या.

या दिवसांत धर्माचं काम अगदी साधं असतं. पाणी, कोरडं अंथरूण, चार्ज केलेला फोन, मृतदेह सन्मानाने मिळावा म्हणून रुग्णालयात सोबत, शवविच्छेदनाच्या कागदांची नीट ठेवण. नेमकं काय झालं हे खोदून विचारू नका. लगेच सगळं बोलून टाकलं की मन मोकळं होतं, ही समजूत पक्की रुजलेली आहे, पण घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याचा उपाय तपासला गेला तेव्हा तो उपयोगी ठरला नाही, काहींना त्याने त्रासच झाला. दहाव्या-तेराव्याला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा 'कसं झालं हो?' विचारतो आणि त्या बाईला तीच कहाणी दिवसातून वीस वेळा सांगावी लागते. अशा वेळी दारात बसून पाहुण्यांना 'आता विचारू नका, नुसतं जवळ बसा' असं सांगणारं कोणी असणं ही मोठी सेवा आहे. भजनी मंडळातल्या दोघी-तिघींनी हे काम आळीपाळीने घ्यावं.

बसायची तयारी

दोन-तीन आठवड्यांनी माणूस बोलायला तयार असेल तेव्हा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भेटा. पाऊण तास पुरतो. सहा ते आठ भेटी धरून चला आणि हे पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे त्याला पुढचं दिसतं.

जागा देवळाचा सभामंडप चालेल, गाभारा नको. दार उघडं, बोलणं बाहेर ऐकू जाणार नाही, पण माणूस दिसेल अशी जागा हवी. समोरच्याला दाराकडे तोंड करून, बाहेर जायची वाट मोकळी राहील असं बसवा. भिंत पाठीशी असली की बरं वाटतं. स्त्रीशी पुरुष बोलत असेल तर तिच्या विश्वासातली दुसरी बाई नजरेच्या टप्प्यात असू द्या.

स्पर्शाबद्दल विशेष काळजी घ्या. आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेवणं, अंगारा लावणं, खांद्यावर थोपटणं हे आपल्याकडे सहज होतं. ज्याच्या शरीरावर जबरदस्ती झाली आहे त्याला अचानक आलेला हात सहन होत नाही, आणि समोरचा महाराज असल्यामुळे 'नको' म्हणायची त्याची हिंमत होत नाही. म्हणून आधी विचारा आणि किंचितही चलबिचल दिसली तर हात मागे घ्या. पाया पडायला लावू नका.

वासाचं आणि आवाजाचंही तसंच. आगीतून वाचलेल्याला कापूर, धूप, होमाचा धूर लागला की तो पुन्हा त्या आगीत पोहोचतो. पुरात माणसं गमावलेल्याला 'चला, नदीवर स्नान करून येऊ' म्हणणं घातक ठरतं. स्फोट किंवा गोळीबार अनुभवलेला माणूस ढोल-ताशात, फटाक्यांत टिकत नाही, मृदंगाची जोरकस थापही त्याला नको होते. पहिल्या भेटीत सरळ विचारा: 'देवळातलं काही नकोसं वाटतं का? वास, आवाज, गर्दी?' उत्तर मिळालं की ते बाजूला ठेवा. निरांजनाशिवायही पूजा होते.

श्रद्धा त्याची, तुमची नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मदत करणारा स्वतःला ज्याने बरं वाटतं ते दुसऱ्याला देऊ पाहतो. रामरक्षा म्हणणारा रामरक्षा सांगतो, विपश्यना केलेला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवतो. दहा दिवसांचं मौन आणि डोळे मिटून तासन्‌तास बसणं ताज्या आघातात झेपेलच असं नाही. आठवणी एकदम उसळू शकतात आणि तिथे बोलायला कोणी नसतं. घाई करू नका. जायचंच असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, आणि शिबिराच्या अर्जात आपला त्रास न लपवता.

त्याच्याकडून तीन गोष्टी काढून घ्या. हे घडायच्या आधी देवाधर्माचं काय करत होता? आता त्यातलं काय करवतं आणि काय करवत नाही? अलीकडे कोणत्या क्षणी थोडं हलकं वाटलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा छोटं असतं: तुळशीला पाणी घालताना, वजू करताना हातांवर पाणी पडतं तेव्हा, रोझरीचे मणी हातात असताना, बुद्धवंदना सगळ्यांसोबत म्हणताना. तिथून सुरुवात करायची. जे आधीपासून अंगवळणी आहे आणि आजही थोडं जमतंय, तेच रोज पाच-दहा मिनिटं.

माणूस म्हणाला की माझा आता देवावर विश्वास नाही, तर वाद घालू नका. नुसतं ऐकायला येत राहा. परत वळवण्याची घाई त्याला लगेच कळते आणि तो तुमच्याकडे यायचं थांबवतो.

काय बोलू नये

'देवाची इच्छा.' 'प्रारब्ध.' 'मागच्या जन्मीचं कर्म.' 'देव चांगल्या माणसांचीच परीक्षा घेतो.' 'त्याची वेळ भरली होती.' यातलं एखादं वाक्य माणूस स्वतः म्हणाला आणि त्याला त्याने धीर येत असेल, तर खोडू नका. पण ते तुम्ही म्हणायचं नाही. अत्याचार झालेल्या मुलीला कर्माचा हिशेब सांगितला की तिला ऐकू येतं ते एवढंच: ही माझीच चूक. मूल गेलेल्या आईला देवाची इच्छा सांगितली की ज्या देवाकडे ती रडणार होती तोच मारेकरी ठरतो.

धर्म आणि मानसिक ताण यांवर काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या आहेत. देव सोबत आहे, माझी माणसं सोबत आहेत, असं वाटणारे तुलनेने बरे सावरतात. देव शिक्षा देतोय, देवाने मला टाकलंय, अशा विचारात अडकलेल्यांचा त्रास जास्त राहतो. तुमचं प्रत्येक वाक्य माणसाला यातल्या एका वाटेवर ढकलत असतं.

'माफ करून टाक, मन हलकं होईल' हेही बोलू नका. क्षमा कधी करायची, करायची की नाही, हे त्याचं तो ठरवेल. घरातल्याच माणसाने छळ केला असेल तर क्षमेचा आग्रह म्हणजे बाईला परत त्याच घरात ढकलणं. मारहाणीच्या प्रकरणात दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका.

आणि 'मी बाटले', 'मी आता पूजेला बसू शकत नाही' असं कोणी म्हणालं तर मात्र गप्प राहू नका. इथे तुमच्या पदाला वजन आहे. स्पष्ट सांगा: 'पाप करणाऱ्याचं आहे, तुझं नाही. तुझ्या अंगाला काही लागलेलं नाही. देवाचं दार तुला कालही उघडं होतं, आजही आहे.' शुद्धीकरणाचा विधी सुचवू नका. तो केला की ती अशुद्ध होती हेच सिद्ध होतं.

मग बोलायचं काय? थोडंच. 'फार मोठं दुःख आहे हे.' 'मी इथेच आहे.' 'असं का झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.' हे शेवटचं वाक्य प्रवचन करणाऱ्याला जड जातं, पण त्याचा उपयोग फार होतो.

देवावरचा राग आला तर येऊ द्या. वारकरी परंपरेत विठ्ठलाशी भांडण नवं नाही. नामदेव, जनाबाई, तुकोबा यांनी त्याला खडे बोल सुनावलेले आहेत, आणि तुकोबांनी तर दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा दोन्ही गमावले होते. ख्रिस्ती उपासनेतल्या स्तोत्रांतही देवाकडे केलेली तक्रार भरपूर आहे. 'देवाला असं बोलू नये' असं म्हणण्याऐवजी विचारा, 'आणखी काय सांगायचंय त्याला?' कागदावर लिहायला सांगितलं तरी चालतं. तो कागद तुम्ही वाचायचा नाही.

नामस्मरण, श्वास आणि पाय

2001 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. रोझरीची लॅटिन प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि त्या गतीत हृदयाची लय सुधारते, असं त्यात दिसलं. आपल्याकडच्या जपात हे सहज साधता येतं. रीत अशी:

1. पाठ टेकून, दोन्ही पायांचे तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील असं बसवा. चपला काढलेल्या बऱ्या, फरशीचा गारवा पायाला कळतो.
2. डोळे उघडेच. मूर्ती, तुळस, भिंतीवरचा खिळा, काहीही एक गोष्ट बघायची.
3. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास आत.
4. श्वास सोडता सोडता हलक्या आवाजात 'रामकृष्णहरि', सहा अंक पुरतील इतकं लांबवून. नाम ज्याचं त्याचं.
5. एका नामाला एक मणी. 27 मणी म्हणजे साधारण साडेचार मिनिटं. पहिल्या आठवड्यात एवढंच, सकाळी आणि झोपण्याआधी. बरं वाटलं तर पुढे 54. पूर्ण 108 ला अठरा मिनिटं लागतात आणि त्याची गरज नाही.

आवाज बाहेर येणं महत्त्वाचं आहे. मनातल्या मनात जप करताना आठवण मध्ये घुसते आणि माणूस जप सोडून तिच्यामागे जातो.

बिघडतं कुठे? श्वास जोरात घेतला की चक्कर येते, हातापायाला मुंग्या येतात. तेव्हा श्वास मोजणं सोडा, नुसतं नाम बोला. छाती दाबली जाऊन ज्याचा जीव घुसमटला होता, त्याला श्वासाकडे लक्ष देणंच भीतीदायक वाटतं. त्याला मणी, टाळ किंवा गार पाण्याचा तांब्या हातात द्या. 'आज सव्वा लाख जप पूर्ण करायचा' असले संकल्प घ्यायला लावू नका. चुकला की अपराधीपणाची आणखी भर.

बोलता बोलता माणूस हरवतो, नजर स्थिर होते, हाक ऐकू येत नाही, असंही होतं. हलवू नका. त्याचं नाव घ्या, आजचा वार सांगा, आपण कुठे बसलोय ते सांगा. दिसणाऱ्या पाच गोष्टी सांगायला लावा, स्पर्शाला कळणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन. तो परत आला की पाणी द्या आणि त्या दिवशी घटनेचा विषय पुन्हा काढू नका.

पाऊण तासाची वाटणी साधारण अशी ठेवा: सुरुवातीला पाच-सात मिनिटं नाम, मग वीस-पंचवीस मिनिटं बोलणं, शेवटची दहा मिनिटं पुन्हा नाम आणि साधं बोलणं, रात्रीचं जेवण काय, उद्या कोण सोबत आहे. रडवेल्या अवस्थेत घरी पाठवू नका. घटनेचे तपशील खोलात जाऊन उलगडणं हे प्रशिक्षित मानसतज्ज्ञाचं काम आहे, ते हाती घेऊ नका.

'मी वाचलो, तो गेला'

अपराधीपणा इतर सगळं ओसरलं तरी मागे राहतो. त्याला 'असं मनात आणू नका' म्हणून काही होत नाही. कागदाचे दोन रकाने करा. एकात: त्या क्षणी मला काय माहीत होतं. दुसऱ्यात: नंतर काय कळलं. 'डोंगर खचणार आहे' हे दुसऱ्या रकान्यात जातं. स्वतःच्या हाताने ते तिथे लिहिताना माणसाला जे उमगतं, ते तुम्ही दहा वेळा सांगून उमगत नाही.

खरंच चूक झाली असेल, दारू पिऊन गाडी चालवली असेल, तर 'तुझा दोष नाही' हे खोटं त्याला पटणार नाही. चूक मान्य करू द्या, ज्याचं नुकसान झालं त्याच्यासाठी काय करता येईल ते ठरवू द्या. प्रायश्चित्त म्हणून उपास, अनवाणी चालणं, अंगाला क्लेश असं काही तो मागेल. त्याऐवजी कोणाच्या तरी उपयोगी पडणारं काम द्या, त्याच्या ऐपतीचं आणि ठरावीक मुदतीचं.

आत्महत्या झालेल्या घरात 'गती मिळणार नाही' ही भीती पसरवली जाते आणि कर्जात बुडालेलं कुटुंब त्र्यंबकेश्वरच्या तीन दिवसांच्या विधीसाठी आणखी कर्ज काढतं. विधी त्यांना मनापासून हवा असेल तर कमीत कमी खर्चात तो कसा होईल ते बघा. नको असेल तर दशक्रियेला जमलेल्या चारचौघांत सांगा की या माणसाच्या गतीत काही अडत नाही. ते पुजाऱ्याने किंवा कीर्तनकाराने सांगितलं तर घर ऐकतं.

वर्षश्राद्ध, तारीख आणि तिथी

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. अशा ठिकाणी दुःखाचे दिवस दोन होतात: 30 सप्टेंबर एक आणि गणपती विसर्जन दुसरा. बाकी महाराष्ट्र गुलाल उधळत असताना तिथलं मन काळवंडतं. इतर घरांतही असंच असतं, म्हणून तारीख आणि तिथी दोन्ही वहीत टिपून ठेवा. पंधरा दिवस आधी भेटा आणि विचारा: 'त्या दिवशी कुठे असायचंय, कोणासोबत, काय करायचंय, काय नको?' झोप बिघडणं, चिडचिड वाढणं पुन्हा सुरू होऊ शकतं हे आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही.

'बाहेरचं झालंय'

घरचे येऊन सांगतात, ती रात्री किंचाळते, ओळखत नाही, अंगात येतं. त्यांच्या समजुतीची चेष्टा करू नका, पण उताराही करू नका. म्हणा, 'प्रार्थना मी करतो, डॉक्टरही दाखवू, दोन्ही सोबत चालू दे.' गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकत्र देण्याचा उपक्रम 2008 पासून याच विचाराने चालला. मुजावरच लोकांना शेजारच्या दवाखान्यात पाठवू लागले.

कायदाही माहीत असू द्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. भजन, कीर्तन, प्रवचन, जप यांना तो कायदा हात लावत नाही. साखळीने बांधणं 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही बंद आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका आश्रमात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा बांधलेल्या 28 मनोरुग्णांना पळता आलं नाही.

कधी थांबून पुढे पाठवायचं

जगण्यात अर्थ नाही, त्याच्याकडेच जायचंय, असं कोणी म्हणालं तर सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ते ठरवलंय का?' विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. घरातलं कीटकनाशक, दोर, झोपेच्या गोळ्या त्याच दिवशी बाहेर काढा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू आणि मोफत आहे, मराठीतही बोलतात. ताबडतोबीचा धोका असेल तर 112. प्रयत्न करून वाचलेल्याच्या घरचे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळतात. 2017 च्या कायद्यानुसार तो तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, हे त्यांना सांगा.

महिन्यानंतरही त्रास टिकला, दारू वाढली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, खाणंपिणं सुटलं, तर जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठा. चिठ्ठी देऊन पाठवू नका, पहिल्या खेपेला सोबत जा. औषध सुरू झालं की एकादशीला किंवा रोज्यात ते बंद पडतं, आणि 'देवावर भरवसा आहे, गोळ्या कशाला' असं कोणीतरी बोलतंच. वेळा कशा बदलायच्या ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि गोळी घेणं हे श्रद्धेच्या आड येत नाही हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा.

गुप्ततेचं वचन देताना त्याची मर्यादा आधीच सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कळवलं नाही तर तोही गुन्हा आहे. आरोपी मठातला, देवळातला, चर्चमधला असला तरी सूट नाही. बालकांसाठी 1098, महिलांसाठी 181. बाकी ऐकलेलं कीर्तनात दृष्टान्त म्हणूनसुद्धा यायला नको, नाव बदलूनही नाही. गावाला माणूस बरोबर ओळखू येतो.

सहा-आठ भेटींनंतर एकदम थांबू नका. पंधरा दिवसांनी एक, मग महिन्याने एक, असं अंतर वाढवा आणि दरम्यान त्याला काकडा, हरिपाठ, रविवारची प्रार्थना, महिला मंडळ अशा जमेल त्या मेळ्यात मागच्या रांगेत बसू द्या. टाळ हातात घ्यायचा की नुसतं ऐकायचं, मध्येच उठून जायचं की थांबायचं, ते त्याच्यावर सोडा. ऐकणाऱ्यानेही एका वेळी दोन-तीन घरांपेक्षा जास्त जबाबदारी घेऊ नये. ऐकलेलं स्वप्नात येऊ लागलं, तो मार्ग टाळावासा वाटू लागला, तर काही आठवडे काम दुसऱ्याकडे सोपवा आणि 14416 स्वतःसाठीही लावा.